जादा वेळ मागणे ही भीक नव्हे

वॉर्डात रुग्णाला उठून बसता येत नसेल तर आम्ही परिचारिका त्याच्या पाठीला उशी लावतो. त्याला कुणी मेहेरबानी म्हणत नाही. मग नर्सिंगच्या किंवा डॉक्टरकीच्या दिव्यांग विद्यार्थ्याने परीक्षेत जादा वेळ मागितला की नाके का मुरडली जातात? प्रश्न तेच, पासाची रेषा तीच. फक्त उत्तर कागदावर उतरवायला अवधी हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो की वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा धरली होती. 'चाळीस टक्के भरत नाही' म्हणून कुणी परत पाठवले तरी खचू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराचा लेखनिकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या अटीविना मान्य केला.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. लिखाणाची अडचण, म्हणजे डिस्ग्राफिया, असलेल्या मुलीला 'नीट' परीक्षेत जादा तास मिळाला नाही. न्यायालयाने चूक मान्य केली, फेरपरीक्षा मात्र दिली नाही. गेलेला तास निकालाने परत येत नाही.

म्हणून पालकहो, परीक्षेचा फॉर्म भरतानाच लेखी अर्ज द्या, प्रमाणपत्र जोडा, पोच घ्या. हॉलतिकीट आल्यावर धावपळ नको. आणि आम्ही आरोग्यसेवकांनी तरी या मुलांना 'तुला झेपेल का?' असे विचारू नये. 'तुला काय लागेल?' असे विचारावे.