आरोग्याची मशागत : पन्नाशीनंतर पोट पुढे येते तेव्हा



लग्नसराई आणि जत्रांचे दिवस आले की पेटीतले ठेवणीतले कपडे बाहेर निघतात आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. 'गेल्या साली सदरा अंगाला बसत होता, यंदा गुंडी लागत नाही.' धुण्यात कापड आटले म्हणायचे आणि विषय मिटवायचा, ही आपली रीत. पण कापड इतके आटत नाही. आटते ते आपले चालणे आणि वाढते ते पोट.

हा विषय काढला की पन्नाशीपुढच्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते. 'आम्ही शेतकरी माणसे. दिवसभर कष्ट करतो. व्यायाम शहरातल्या खुर्चीवाल्यांनी करावा.' हे उत्तर आपल्या वडिलांच्या तोंडी शोभले असते. आज ते कितपत खरे आहे, ते आपणच तपासून पाहू.

कष्ट गेले, ताट तेच राहिले

वडिलांच्या काळी मोट होती, मग इंजिन आले, मग विजेचा पंप आला. आता अनेकांचा पंप घरात बसून मोबाईलवरून सुरू होतो. बैलामागे दिवसभर चालून होणारी नांगरट ट्रॅक्टर तासा-दोन तासांत उरकतो. खळ्यावरची मळणी यंत्राने होते. शेतावर जायला मोटारसायकल आहे. घरात जाते गेले, पाटा-वरवंटा कोपऱ्यात पडला, पाणी नळाला आले. यात वाईट काही नाही. ज्या कष्टांनी माणसे पन्नाशीतच वाकत, ते गेले हे बरेच झाले. पण ताटातल्या भाकरी तेवढ्याच राहिल्या. उलट तेल, साखर, फरसाण आणि हॉटेलचा चहा यांची भर पडली.

त्यात वयाचाही वाटा आहे. पन्नाशीनंतर वापर नसेल तर दरवर्षी थोडे थोडे स्नायू झिजतात. स्नायू म्हणजे शरीराचे इंजिन. ते लहान झाले की बसल्या जागी लागणारे इंधनही कमी होते. मग पूर्वीइतकेच खाल्ले तरी शिल्लक पडते आणि ती चरबी होऊन पोटावर साठते. भगिनींची पाळी गेली की त्यांचीही चरबी मांड्या-कमरेऐवजी पोटाकडे वळते, शिवाय हाडे विरळ होऊ लागतात.

सुतळीने मोजा

वजनकाटा घरात नसेल तरी अडू नका. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा. तिची बरोबर निम्म्यात घडी घाला आणि ती घडी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती धरा. श्वास नेहमीसारखा ठेवा, पोट आत ओढू नका. टोके जुळली तर ठीक. मध्ये अंतर राहिले तर पोट प्रमाणाबाहेर गेले आहे. टेप असेल तर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, ही आपल्या लोकांसाठी धोक्याची रेघ आहे.

'माझे हातपाय तर काडीसारखे आहेत, नुसते पोट तेवढे आहे,' असे म्हणणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतच या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले स्नेही डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला आपला माणूस आतून जाड असू शकतो, तो असा. म्हणून आपल्याकडे साखरेचा आजार कमी वजनातच गाठतो.

हा आजार शेतकऱ्याला कुठे धरतो, तेही सांगतो. डोळे आणि मूत्रपिंड यांबद्दल आपण ऐकलेले असते. पायाच्या नसा बधिर होतात, याकडे मात्र लक्ष जात नाही. शेतात बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळल्यावर बोट, कधी पाऊलही गमवावे लागते. मग घरातला एक कर्ता माणूस खाटेवर आणि दुसरा त्याच्यामागे दवाखान्यात. ऐन पेरणीत दोन माणसे कमी होतात.

आता उशीर झाला का?

मुळीच नाही. अमेरिकेत साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि सात टक्के वजन कमी करणे हे ध्येय ठेवले, त्यांच्यात नव्याने साखर होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आणि साठीपुढच्या मंडळींत ते ७१ टक्क्यांनी घटले! म्हणजे म्हाताऱ्यांनी तरुणांवर ताण केली. सात टक्के म्हणजे ७० किलोच्या माणसाने पाच किलो. वीस किलो उतरवायला कोणी सांगत नाही.

गुडघ्यांचेही तसेच. गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांच्या पाहणीत दिसले, की अंगावरचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. पाच किलो उतरले तर वीस किलोचे ओझे उतरले म्हणा.

ताटाचा हिशेब

वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. अर्धा तास झपझप चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. एका वडापावात त्याहून जास्त असतात. म्हणून चालून आल्यावर नाक्यावर वडापाव खाणाऱ्याचे पोट उतरत नाही.

पहिला हिशेब चहाचा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. एका माणसाच्या चहातून महिन्याला दीड किलो साखर पोटात जाते. तिच्यातल्या सहा हजार कॅलरी नुसत्या साठल्या, तर पाऊण किलो चरबी होते. शरीर इतक्या सरळ हिशेबाने चालत नाही, पण दिशा हीच. कप तीन करा आणि कपाला साखर एक चमचा करा. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. गूळ घातला तर चालेल का, असे विचारू नका. वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्खी भावंडे आहेत.

दुसरा हिशेब तेलाचा. माणशी रोज २५ ग्रॅम धरले तर पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो तेल पुरते. आपल्या घरात किती डबे लागतात, ते वहिनींना विचारा. तर्रीचा थर, रोजचे पापड-भजी आणि तळलेली मिरची यांतून तेल न कळत जाते. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घालावी.

तिसरा हिशेब भाकरीचा. भाकरी सोडू नका. ज्वारी-बाजरी आपले सोने आहे. पण शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि हात मोठा असला की एका भाकरीलाच तेवढे पीठ लागते. तीन खात असाल तर दोनवर या आणि तिसरीच्या जागी मटकी, हुलगे, हरभरा किंवा मुगाची उसळ वाटीभर वाढवा. जोडीला मेथी, शेपू, मुळा, काकडी, घोटभर ताक. चालत असेल तर अंडे. डाळी-कडधान्यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि झिजणाऱ्या स्नायूंना खत मिळते. नुसते भाकरी-मिठावर राहून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि माणूस खंगतो.

उपवासाबद्दल दोन शब्द. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसे काही नाही. त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप पडले की ती खिचडी रोजच्या जेवणाला मागे टाकते. उपवास करायचाच तर ताक, एखादे फळ आणि वाटीभर वरी यांवर करा. विठोबा रागावणार नाही.

आणि रात्रीचे जेवण लवकर करा. नऊ-साडेनऊला भरपेट जेवून लगेच पाठ टेकणे, ही सवय मोडा.

चालायचे कसे?

शेतात दिवसभर इकडेतिकडे होतेच की, असे म्हणाल. पण बांधावर उभे राहणे आणि अडखळत चार पावले टाकणे यांनी छाती भरून येत नाही. चाल अशी हवी, की बरोबरच्या माणसाशी बोलता यावे, पण अभंग म्हणायचा झाला तर दम लागावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. शेत दीड-दोन किलोमीटरवर असेल तर मोटारसायकल घरी ठेवा. जाणे-येणे हाच व्यायाम. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. अनवाणी चालू नका.

आपली वारी आठवा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठी-सत्तरीची माणसे ते पायी जातात. पाय चालू शकतात, याला आणखी पुरावा कशाला हवा? पण वारी वर्षातून एकदा येते आणि उरलेले अकरा महिने पारावर जातात. रोजची छोटी वारी केली तरच अंगी लागते.

भगिनींना हे आणखी अवघड जाते. खुरपणी, भांगलण, चूल, धुणे यांत अंग मोडून येते. पण वाकून-बसून केलेल्या कामाने दम वाढत नाही आणि कंबर मात्र धरते. शिवाय बाई विनाकाम रस्त्याने निघाली की चार जणी विचारतात, 'कुठं निघालीस गं?' यावर उपाय म्हणजे चौघी-पाचजणींनी मिळून निघावे. बचत गटाच्या बायकांनी सांजेला शिवारातल्या मारुतीपर्यंत जाऊन यावे. घरच्या पुरुषांनी तेवढा अर्धा तास आपले पाणी आपण घ्यावे, चहा आपण करावा. उरलेसुरले अन्न टाकवत नाही म्हणून शेवटी खाणाऱ्या माउलीचेच वजन वाढते, हेही घराने ध्यानात घ्यावे. अन्न मोजूनच शिजवावे.

ताकदीची चार कामे

नुसत्या चालण्याने स्नायू भरत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवसाआड, ही चार कामे करा :

१. गुडघ्याएवढ्या ओट्यावर बसा. हात छातीशी घ्या आणि आधार न घेता सावकाश उठा, सावकाश बसा. आठ-दहा वेळा. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल.

२. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीला टेका. कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. दहा वेळा.

३. खांब धरून टाचा उचला, खाली टेका. पंधरा वेळा. मग खांबाजवळच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा. तोल सुधारला की पडणे टळते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस लवकर उठत नाही.

४. पाच-पाच लिटरचे दोन भरलेले कॅन दोन्ही हातांत घेऊन, पाठ ताठ ठेवून अंगणात चार फेऱ्या मारा.

या वयात ताकद कुठली वाढणार, असे वाटत असेल तर ऐका. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात नव्वदीतल्या काही वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा असा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीचपटीहून जास्त झाली. आपण तर अजून पोरसवदा!

सांभाळून

सुरू करण्याआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तिशीपुढच्या सर्वांची ही तपासणी तिथे मोफत होते. आशाताईंना विचारा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका आणि चालताना खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम फुटून हात कापू लागले तर ती लगेच तोंडात टाका. चालताना छातीवर दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि काही न करताच वजन घसरू लागले तर आनंद मानू नका. साखर, क्षय किंवा आणखी काही आजार असू शकतो, तपासून घ्या.

बाजारात चरबी वितळवणारी पावडर, पोट उतरवणारा पट्टा विकणारे भेटतील. ते पैसे शेतातल्या खताला वापरा.

महिन्याला एक-दीड किलो उतरले तरी भरपूर. पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस दिसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आज सुतळी मापून तिच्यावर गाठ मारून ठेवा. दर अमावास्येला पुन्हा मापा आणि गाठ किती सरकली ते बघा. नवरा-बायकोने मिळून मापले तर अधिक बरे, एकमेकांवर नजर राहते.

पुढच्या आठवड्यात गुडघेदुखीबद्दल बोलू. तोवर पायी चला.