गाथेत नसलेला अभंग

अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव. बीड जिल्ह्यातल्या या गावी मराठी शिकवणाऱ्याने तरी जपून बोलावे. पण परवा माझी जीभ घसरली. बीज आणि वृक्षाचे ते सर्वांच्या ओठी असलेले गीत मी वर्गात तुकोबांचा अभंग म्हणून सांगितले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, गाथेत त्याचा क्रमांक कितवा?”

“उद्या सांगतो,” म्हणालो आणि रात्री दोनपर्यंत गाथा चाळली. अभंग सापडेना. सापडणार कसा? तो गाथेत नाहीच!

ते गीत शांताराम आठवल्यांचे, ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’साठी लिहिलेले. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शिलेला हा बोलपट १९३६ साली मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९५३ साली कंपनी बंद पडली. तिच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पण खरा चमत्कार वेगळाच. विष्णुपंत पागनिसांना लोकांनी तुकोबा मानले, त्याबरोबर आठवल्यांचे शब्दही तुकोबांचे झाले. कवीला याहून मोठी पावती कोणती? आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता? गीत उरले, नाव पुसले गेले. आणि पुसणाऱ्यांत मराठीचा एम. ए. असलेला मीही होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. फळ्यावर ‘शांताराम आठवले’ असे ठळक लिहिले आणि त्या मुलीचे आभार मानले. पोरे हसली नाहीत, हे त्यांचे सौजन्य.

खरी परीक्षा घरी होती. आई रोज सांजवातीला तेच गीत म्हणते, शेवटी तुकोबांना हात जोडते. भीतभीत तिला सगळे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली.

“इतकी वर्षे मी त्याचे गाणे म्हणते, अन् नाव दुसऱ्याचे घेते होय रे?” ती म्हणाली. “आधी नाही का सांगायचे?”

आता सांजवातीला ती दोनदा हात जोडते.