जुनी साडी लिलावाला लावण्यापूर्वी

गेल्या महिन्यात माझ्या सज्जातल्या एका गावी महिला बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. विषय होता तुरीच्या बीजप्रक्रियेचा. तो संपला, चहा झाला, मी गाडीची किल्ली हातात घेतली, तेवढ्यात एका वहिनींनी मोबाईल पुढं केला. "साहेब, ह्याच्यावर जुन्या साड्यांचा लिलाव करता येतोय म्हणत्यात. खरं हाय का? आमच्या सासूबाईंच्या चार इरकली पेटीत पडून हायेत."

तुरीबद्दल एक प्रश्न आला नव्हता. साड्यांबद्दल अर्धा तास प्रश्न आले. कुणी म्हणेल, खत-बियाण्याच्या माणसानं जुन्या कपड्यांत कशाला लक्ष घालावं? पण लिलाव ही आपल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा लावलेला शेतकरी लिलावाबद्दल जे जाणतो, ते शहरातल्या शिकलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. शिवाय ह्या उद्योगात मी स्वतः एकदा हात पोळून घेतले आहेत.

तो किस्सा आधी सांगतो. २०१६ सालची गोष्ट. नोकरी नवीन, उत्साह दांडगा. आई नेसत नव्हती अशी तिची एक जुनी रेशमी साडी मी एका संकेतस्थळावर लिलावाला लावली. सुरुवातीची बोली ठेवली ९९ रुपये. म्हटलं, कमी ठेवली की गिऱ्हाईक जमेल, चढाओढ लागेल. फोटो काढला रात्री, ट्यूबलाइटखाली, घडी घातलेल्या साडीचा. सात दिवसांत दोनच माणसांनी बोली लावली आणि साडी २४० रुपयांना सुटली. टपालाला ११० रुपये गेले. पंधरा दिवसांनी पार्सल परत दारात. आत चिठ्ठी, की साडी घडीवर विरलेली आहे आणि तुम्ही ते सांगितलं नाही. खरंच विरलेली होती. मी साडी उलगडून बघितलीच नव्हती. पैसे परत केले, परतीचं टपालही भरलं. आईनं ती साडी खिडकीपाशी उजेडात धरली आणि एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ह्या धंद्याची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९५ साली पिएर ओमिदियार नावाच्या संगणकतज्ज्ञानं लिलावाचं संकेतस्थळ काढलं, तेच पुढं ईबे झालं. त्यावर पहिली वस्तू विकली गेली ती काय, तर लेझर पॉइंटर, तोही मोडका. १४ डॉलर ८३ सेंटला गेला. ओमिदियारनं घेणाऱ्याला विचारलं, की बाबा, हा मोडका आहे, तुझ्या ध्यानात आलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो. सांगून विकलेली मोडकी वस्तूसुद्धा विकली गेली, आणि माझी न सांगता विकलेली रेशमी साडी परत आली. नवशिक्यानं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवावं.

आपल्याकडं कांद्याचा खरेदीदार काय करतो? गोणी फोडून बघतो. वर गोल कांदा आणि खाली जोड, चिंगळी असली, की त्या गोणीचाच नव्हे, अख्ख्या वक्कलाचा भाव पडतो, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव ऐकूनच तो पुढं सरकतो. मोबाईलवरच्या लिलावात गोणी फोडायची सोय नाही. गिऱ्हाईक साडीला हात लावू शकत नाही, वास घेऊ शकत नाही, पदर बोटांत धरून बघू शकत नाही. त्यामुळं गोणी तुम्हीच फोडून दाखवायची असते. साडी दिवसा, सावलीच्या उजेडात पूर्ण पसरा. अख्ख्या साडीचा एक फोटो, पदराचा एक, काठाचा एक. मग जिथं डाग आहे, भोक आहे, जिथं विरली आहे, जिथं रफू आहे, त्या प्रत्येक जागेचा फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे केवढं ते कळतं. टेपनं लांबी-रुंदी मोजा. नऊवारी म्हटलं म्हणजे ती नऊ वार भरतेच असं नाही, कितीतरी साड्यांचं एक टोक कापून कुणाचं तरी झबलं शिवलेलं असतं. ब्लाउज किंवा शर्ट असेल तर छाती, खांदा, उंची सेंटीमीटरमध्ये लिहा, नुसतं 'मध्यम माप' लिहू नका. डांबरगोळीचा वास असेल तर चार दिवस वाऱ्यावर टाका, आणि तरी उरला तर तेही लिहा.

धुतल्याशिवाय काही लावू नये, हे सांगायला नको. ईबेवर तर वापरलेला कपडा स्वच्छ केलेलाच असला पाहिजे असा नियम आहे, आणि वापरलेले आतले कपडे, मोजे तिथं विकायला बंदी आहे. मात्र रेशमी साडी धुवायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. झटकावी, हवेशीर ठेवावी आणि 'धुतलेली नाही, तशी जपून ठेवलेली आहे' असं सरळ लिहावं. ज्या संकेतस्थळावर धुतलेल्याचीच अट असेल, तिथं आधी जाणत्याकडून स्वच्छ करून घ्यावी.

आता भावाचं. आपल्या बाजारात बोली पसंत पडली नाही तर शेतकरी माल न विकता परत नेऊ शकतो. परतीचं भाडं अंगावर पडतं म्हणून तो नेत नाही ही गोष्ट वेगळी, पण हक्क आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ई-नाममध्येही आलेला भाव नाकारायची मुभा शेतकऱ्याला आहे. ईबेसारख्या लिलावात तसं नाही. मुदत संपली, सर्वांत वरची बोली ज्याची, त्याला माल द्यावाच लागतो, मग ती ९९ रुपयांची का असेना. सुरुवातीची बोली म्हणजे गिऱ्हाईकाला दाखवायचं आमिष अशी माझी समजूत होती, ती चुकीची. जेवढ्याच्या खाली ती वस्तू सुटली तर तुम्हाला वाईट वाटेल, तेवढी सुरुवातीची बोली ठेवा. एकच बोली आली तरी झोप लागली पाहिजे.

तो आकडा ठरवायचा कसा? तशाच साड्या कितीला सुटल्या ते बघून. कितीला लावल्या आहेत ते बघू नका, मागायला कुणी दहा हजारही मागतो. संपलेले लिलाव, झालेले सौदे बघायचे. आपण बाजारभाव कालच्या पट्टीवरून काढतो, अडत्याच्या तोंडून नव्हे, तसंच हे.

पट्टीचं नाव निघालं म्हणून सांगतो. कांद्याच्या पट्टीत हमाली, तोलाई वजा होऊन खाली जो आकडा येतो तो आपला. इथंही तसंच. समजा साडी ५०० ला गेली. त्यातून संकेतस्थळाचं कमिशन, पिशवी-पुठ्ठा, टपाल, फोटोसाठी घालवलेला अर्धा दिवस हे सगळं वजा करा. काही ठिकाणी कमिशन नुसत्या किमतीवर नसून टपालखर्च धरून लागतं, ईबेवर तसंच आहे. म्हणून साडी लिलावाला लावायच्या आधी बांधून टपाल कचेरीत घेऊन जा, वजन करून दर विचारा. नऊवारी सुती साडी हातात हलकी वाटते, काट्यावर जड भरते. टपाल गिऱ्हाईकाकडून वेगळं घ्यायचं की किमतीत धरायचं, ते आधीच लिहून टाका.

एवढा खटाटोप करून हा बाजार आज भरतो कुठं, हेही खरं सांगितलं पाहिजे. भारतात २००० साली बाझी डॉट कॉम निघालं, २००४ मध्ये ते ईबेनं घेतलं, २०१७ मध्ये ईबेचा इथला धंदा फ्लिपकार्टकडं गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झालं. त्यानंतर देशातल्या देशात जुन्या कपड्यांचा जो लिलाव होतो तो बराचसा इन्स्टाग्रामच्या पानांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत. फोटो टाकायचा, वेळ सांगायची, लोक खाली बोली लिहितात. त्यात बांधील कुणीच नाही. रात्री वरची बोली लावणारा सकाळी फोन उचलत नाही, तेव्हा दुसऱ्या नंबरच्या माणसाला विचारायचं, आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही. ईबेवरून परदेशी विकता येतं, जुन्या भारतीय साड्यांना तिथं गिऱ्हाईक आहे, पण ती निर्यात झाली. तिला आयात-निर्यात कोड लागतो, बँकेची कागदपत्रं लागतात, टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रात चौकशी करावी लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी काढून घेतली, तेव्हा तिकडचा हिशेब वेगळाच झाला. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती सामान्य माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजीचा शालू त्यात येऊ शकतो. एकट्या घरानं सुरुवातीलाच ह्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. गटानं, हिशेब ठेवणारी एखादी शिकलेली मुलगी हाताशी असेल तर, पुढं विचार करावा.

आता सर्वांत धोक्याचं. शेजारच्याच गावात एका वहिनींनी दोन साड्यांचा फोटो टाकला. तासाभरात फोन आला. घासाघीस नाही, काही नाही, दोन्ही घेतो म्हणाला. पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका. वहिनींनी टाकला. सहा हजार रुपये आले नाहीत, गेले. शेळीच्या विक्रीचे होते. महिनाभर त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. बायांनो, बापयांनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समोरचा तुमच्या खात्यातून काढतो आहे. जुन्या साडीला घासाघीस न करता हो म्हणणारा गिऱ्हाईक दिसला तरी सावध व्हा, असं गिऱ्हाईक तुम्ही आठवडी बाजारात कधी पाहिलं आहे का? फसलाच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे मिळण्याची आशा कमी.

काही लोक म्हणतील, एवढं सगळं करण्यापेक्षा बोहारणीला देऊन टाकावं. द्यावंच. फाटके शर्ट, विटलेल्या प्लॅस्टिकसारख्या साड्या, पोरांच्या चड्ड्या ह्यांचा लिलाव कुणी करत बसू नये. ती बाई डोक्यावर पाटी घेऊन उन्हात फिरते, त्या चिंध्यांना तिच्याइतका भाव जगात कुठलंही संकेतस्थळ देणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पितळी डब्याच्या मोहानं त्याच गठ्ठ्यात हातमागाचं इरकल जातं, गुळेदगुडचा खण जातो, आणि खऱ्या चांदीच्या जरीचा शालू 'जुनी जर' म्हणून ओरडत येणाऱ्याला वजनावर जातो. तो ती जर जाळून चांदी काढतो. जर खरी आहे का तांब्याची, हे सराफ सांगेल, त्याला आधी दाखवावी. पेटी उघडून निवड करावी, गोल्टी वेगळी, मोठा कांदा वेगळा, तशी. वाकळेला जाणारं वाकळेला, बोहारणीला जाणारं बोहारणीला, आणि उरतील त्या चार-दोन लिलावाला.

आणि निवड पेटीच्या मालकिणीनं करावी. मोबाईल पोराच्या हातात असतो म्हणून साडी त्याची होत नाही. हे मी २०१६ साली शिकलो, आणि आता बैठकीत त्या वहिनींना पहिला प्रश्न तोच केला. चार इरकली सासूबाईंच्या, मग सासूबाई काय म्हणतात? त्या गप्प झाल्या. मग हसून म्हणाल्या, "त्यास्नी अजून इचारलं न्हाई."

परवा त्यांचा फोन आला होता. सासूबाईंनी पेटी स्वतः उघडली. दोन इरकली परत आत ठेवल्या, एक नातीला दिली, आणि टोपपदराची एक, काठाला उंदरानं कुरतडलेली, 'ही घाला लिलावाला' म्हणून बाहेर काढली. येत्या गुरुवारी बैठक आहे. मी टेप घेऊन येतो म्हटलं. एक रुपयाचं नाणं त्या आणणार आहेत.