फेसाला वाट ठेवा

मंडळी, आजचा विषय वाचून आपल्या नातेवाइकांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडणार, हे ठाऊक असूनच लिहायला बसलो आहे. मी आयुष्यात बिअरला तोंड लावलं नाही, सत्तरी ओलांडल्यावर आता लावणारही नाही. पण परवा घरी केलेल्या बिअरपायी माझा नातू थोडक्यात वाचला. आणि त्यात बिअरपेक्षा दोष आपलाच जास्त, असं माझं मत झालं आहे.

झालं असं. माझी लेक इंग्लंडमध्ये डर्बीला असते. तिचा मुलगा पंचविशीचा, नोकरी करतो. तिकडे घरी स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. (आपल्याकडे वाळूज-चिकलठाण्याला बिअरचे मोठमोठे कारखाने असले, तरी परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कन्नडमध्ये कुणी बुधला मांडू नये!)

तर चिरंजीवांनी 'स्ट्राँग' बिअर करायला घेतली. आईला कळू नये म्हणून काचेचा बुधला जिन्याखालच्या कपाटात, गरम पाण्याच्या बॉयलरशेजारी ठेवला. तोही गळ्यापर्यंत भरून. वास बाहेर जाऊ नये म्हणून बूच घट्ट दाबलं आणि वरून टॉवेल गुंडाळला. बुचात वायू जायला बारीक नळी होती, पण ती फेसाबरोबर वर आलेल्या हॉप्सच्या चोथ्याने बुजली. पहाटे तीनला बूच उडालं आणि फेस थेट जिन्याच्या फळ्यांना लागला. बूच सुटलं म्हणून निभावलं. ते सुटलं नसतं तर काच फुटली असती, आणि गुडगुड ऐकून हा कपाट उघडायलाच निघाला होता.

लेकीचा फोन आला, "अण्णा, तुम्हीच सांगा त्याला. मी हे सगळं मोरीत ओतायला लावते." मी म्हटलं, "आधी त्याला फोन दे."

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नाही. पण नातवाने सांगितलं त्याचा मी वहीत ताळा केला. यीस्ट साखर खातं, तिचा जवळजवळ निम्मा भाग अल्कोहोल होतो, निम्मा कार्बन डायऑक्साइड. एक किलो साखरेतून अडीचशे लिटरच्या वर वायू निघतो. वीस लिटर तीव्र बिअरमध्ये तीनेक किलो साखर आंबते, म्हणजे साडेसातशे लिटर वायू, आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांत! शिवाय यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडतं. उष्णता वाढली की ते आणखी जोरात धावतं. वर बॉयलरची ऊब. उतू जाणार नाही तर काय होईल?

हे आपल्या बायकांना केव्हाचं ठाऊक आहे. उन्हाळ्यात कुरडयांचे गहू भिजत घातले की आमची आई पातेलं कधी काठोकाठ भरत नसे. इडलीचं पीठ वैशाखात रात्री ठेवायचं तर सौ. अजूनही पातेल्याखाली परात ठेवते आणि वर नुसतं सैल झाकण. परात ठेवली म्हणजे उतू जाणं धरूनच चाललंय.

बिअरचंही तेच. भांड्याचा चौथा ते तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा. बारीक नळीऐवजी सुरुवातीला बोटभर जाडीची नळी बसवून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत बुडवावं. फेस त्यात उतरतो, बाहेरचं काही आत येत नाही. भांडं १८ ते २० अंशांत ठेवावं. नळी बुजलीच तर डोळ्यांवर चष्मा आणि बुचावर ओला कपडा घेऊन बूच हळूहळू सैल करावं, वाकून बघू नये. चार-पाच दिवसांनी फेस बसला की मग बारीक नळी. आणि उतू गेलं म्हणून सगळं ओतून टाकू नये. वायू बाहेरच्या दिशेने वाहत असतो, त्यामुळे सहसा आतलं बिघडत नाही. कडा पुसाव्यात, नळी बदलावी. खोली मात्र हवेशीर हवी, कोंडलेला कार्बन डायऑक्साइड घातक असतो.

डर्बीजवळच बर्टन म्हणून बिअरचं जुनं गाव आहे. तिथे तर उतू जाण्यावरच एक पद्धत उभी राहिली. ओकच्या पिंपांची ओळ, प्रत्येकातून हंसाच्या मानेसारखी नळी वरच्या पन्हळीत. फेस वर चढतो, यीस्ट पन्हळीत राहतं, बिअर पुन्हा पिंपात उतरते. मार्स्टन्सच्या ब्रुअरीतली ही पिंपं २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा डर्बीशायरच्याच थॉर्नब्रिज या छोट्या ब्रुअरीने त्यांतला एक संच नेऊन चालू ठेवला.

आता माझं मत. नातवाच्या चुका मोजा: गरम कोपरा, काठोकाठ भरणं, घट्ट बूच, टॉवेल. काठोकाठ भरणं हा अडाणीपणा, बाकी तीन चुका लपवण्यापायी झाल्या. आपल्या माळकरी घरात हा विषय काढायची सोयच आपण ठेवली नव्हती. कायद्याने चालतं, मुलगा सज्ञान आहे, कमाई त्याची आहे. मला दारूचं कौतुक नाही आणि त्याने ती किती प्यावी यावर मी त्याला सुनावलंही. पण लपवून केलेल्या गोष्टीवर मोठ्यांची नजर राहत नाही, आणि इथे तीच हवी होती. शाळेतही मी पाहिलं, ज्या पोराला घरी बोलायची चोरी, त्याचं कळायचं ते सगळ्यात शेवटी कळतं.

लेकीने ओतून टाकलं नाही. बुधला आता गॅरेजमध्ये आहे, जाड नळी बादलीत. काल तिचाच फोन होता, "अण्णा, बुडबुडे मंदावलेत, आता बारीक नळी लावू द्यायची का याला?"

असो. आठ्या पडल्या असतील तर फोन करा, पण नातवाला नको, मला.