फिर्यादीचे हात कोणी बांधले?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या घटनेत १९७१ साली मतदारांनी एक कलम घातले. स्वच्छ हवा आणि शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क होय, आणि निसर्गसंपत्ती पुढील पिढ्यांचीही असल्याने सरकार हे तिचे केवळ विश्वस्त होय, असा त्याचा आशय. विश्वस्त म्हणजे काय, हे देवस्थानांच्या महाजनांस व भक्तमंडळींस समजावून सांगण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. देवाच्या जमिनीचा हिशेब ज्याने राखावयाचा त्यानेच डोळेझाक केली, तर फिर्याद कोणी करावी, हा तंटा आपल्या पुरता परिचयाचा आहे. पेनसिल्व्हेनियात तो विहिरींच्या पाण्यावरून उभा राहिला.

सस्क्वेहाना परगण्यात डिमॉक नावाचे खेडे आहे. तेथे खडक फोडून भूगर्भातील वायू काढण्याचा उद्योग सुरू झाला आणि १ जानेवारी २००९ रोजी एका घरच्या पाण्याच्या विहिरीचा स्फोट झाला. पाण्यात मिथेन वायू शिरला होता. कॅबट कंपनीच्या सदोष वायुविहिरींतून तो घरोघरच्या पाण्यात उतरला, असा निर्णय राज्याच्या पर्यावरण खात्यानेच दिला. मग आदेश निघाले, करारनामे झाले, दंड बसले, त्या भागात नव्या वायुविहिरी खोदण्यास मनाई झाली. फौजदारी खटला मात्र उभा राहिला तो जून २०२० मध्ये! मधल्या अकरा वर्षांत जी मुले जन्मली, ती बाटलीतले पाणी पिऊनच वाढली असतील, तर त्यांनी घटनेतील ते कलम कोणत्या वर्गात शिकावे?

या विलंबाचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. राज्याचा ॲटर्नी जनरल हा तेथील सर्वोच्च सरकारी फिर्यादी; १९८० पासून तो लोकांच्या मतांनी निवडला जातो. परंतु पाणी नासविणाऱ्याविरुद्ध त्यास आपण होऊन फौजदारी पाऊल उचलता येत नसे. जिल्ह्याच्या फिर्यादीने किंवा एखाद्या सरकारी खात्याने प्रकरण त्याच्याकडे सोपविले, तरच त्याचा अधिकार सुरू होई. खेड्यापाड्यांच्या जिल्ह्यातील फिर्यादीची कचेरी ती केवढी, आणि तिने रसायनतज्ज्ञ व भूगर्भतज्ज्ञ आणावेत कोठून? राहिले खाते. ज्या खात्याने परवाने दिले, त्यानेच आपल्या परवान्याखाली झालेला गुन्हा फिर्यादीस कळवावयाचा! असा सरळपणा माणसांच्या अंगी क्वचितच असतो. खात्यांच्या अंगी तो गृहीत धरणे हा भोळेपणा होय.

सामान्य नागरिकांच्या ग्रँड ज्यूरीने दोन वर्षे चौकशी करून जून २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्याने खात्यावर नेमका हाच ठपका ठेवला. खात्यातील माणसे उठून त्याच कंपन्यांच्या नोकरीत जातात, हेही तिने सांगितले. घरापासून वायुविहिरीचे अंतर ५०० फुटांवरून २,५०० फूट करावे, जमिनीत सोडलेल्या रसायनांची नावे उघड करावीत आणि ॲटर्नी जनरलला पर्यावरणविषयक गुन्ह्यांत कोणी सोपविण्याची वाट न पाहता खटला भरण्याचा अधिकार द्यावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. खात्याने अहवाल अमान्य केला, यात नवल ते काय!

या शेवटच्या शिफारशीवर दोन आक्षेप घेतले जातात. विषय तांत्रिक आहे, तो तज्ज्ञ खात्याकडेच राहावा, हा पहिला. विषप्रयोगाचा खटलाही तांत्रिकच असतो. म्हणून कोणी तो वैद्यांच्या मंडळाकडे सोपवीत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. निवडून येणारा फिर्यादी खटल्यांचा उपयोग पुढच्या पदाची शिडी म्हणून करील, ही भीती निराधार नाही. तेव्हाचे ॲटर्नी जनरल जोश शपिरो जानेवारी २०२३ मध्ये गव्हर्नर झालेच. परंतु फिर्यादी निकाल देत नाही, निकाल न्यायालय देते. उलट खात्याने दाबून ठेवलेली फाईल न्यायालयासमोर येतच नाही, आणि त्या महत्त्वाकांक्षेची शिडी कोणासच दिसत नाही.

आपल्याकडील स्थितीही पाहावी. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने न्यायालयाचे दार मंडळाच्या वा अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर उघडते. इतरांनी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे नाला धुऊन काढण्यास पुरेशी सवड मिळते! १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. जनविश्वास हे नाव कोणी सुचविले, त्याच्या विनोदबुद्धीस आमचा नमस्कार.

डिमॉकचा खटला संपला तो २९ नोव्हेंबर २०२२ रोजी. कॅबटची उत्तराधिकारी कोटेरा कंपनी हिने एका आरोपास विरोध केला नाही आणि सार्वजनिक नळयोजनेसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर देण्याचे कबूल केले. दंडांनी व करारनाम्यांनी जे इतक्या वर्षांत घडविले नव्हते, ते फौजदारी आरोपांनी घडविले. आणि त्याच दिवशी, गाजावाजा न करता, पर्यावरण खात्याने त्या कंपनीस मनाईच्या भागाबाहेरून आडवे भोक पाडून त्याच जमिनीखालचा वायू काढण्याची मोकळीक दिली.