जग खोटं, व्याज खरं

जग हा निव्वळ भास आहे असं म्हणणाऱ्या माणसाला कर्ज देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो हप्ता चुकवणार नाही. हप्ता नावाची वस्तूच नाही म्हणेल!

या मंडळींचा लाडका पुरावा म्हणजे मृगजळ. आमच्या मोडनिंबात त्याची टंचाई नाही. वैशाखात भर दुपारी पुणे-सोलापूर हमरस्त्यावर उभं राहा, डांबरावर तळं दिसतं. "बघा, डोळे फसवतात!" अहो, कुठे फसवतात? तापलेल्या हवेतून आकाशाचा उजेड वाकून येतो, तो डोळे इमानेइतबारे दाखवतात. कॅमेऱ्यातही तेच तळं येतं. 'पाणी आहे' हा शेरा मारतो आपण. आणि पुढे गेल्यावर 'पाणी नाही' हे कळतं, तेही डोळ्यांनीच.

तापात भिंतीवर साप दिसतात तेव्हा मात्र बाहेर काही नसतं, कबूल. देकार्तनं तर १६४१ साली विचारलं, की एखादा लबाड राक्षस सगळंच जग खोटं दाखवत असेल तर? यावर गिल्बर्ट राईलचा १९५४ सालच्या पुस्तकातला मुद्दा कॅशवर बसणाऱ्या मला फार पटतो: खरी नाणीच नसतील, तर खोटं नाणं नक्कल कुणाची करणार? एक बनावट नोट सापडली म्हणून आम्ही तिजोरीला काडी लावत नाही. नोट उजेडात धरतो, चाचपतो, शेजारच्याला दाखवतो. सापाचंही तेच करावं.

"ही तपासणीही स्वप्नातलीच असेल!" असेल बुवा. पण ही शंका डबा उघडल्यावर कुणाला येत नाही. मायावादाचे आचार्य शंकराचार्य, पण बाहेर वस्तूच नाही म्हणणाऱ्या विज्ञानवाद्यांना त्यांनीच ब्रह्मसूत्रभाष्यात झापलंय: हे म्हणजे पोटभर जेवून 'मी जेवलोच नाही' म्हणणं!

चेष्टा पुरे. माझा खरा राग वेगळाच आहे. हे तत्त्वज्ञान नेहमी दुसऱ्याच्या दुःखाला लावलं जातं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात माणसं उन्हात खडी फोडत होती. ऊन, भूक, हातावरचे फोड हे सगळे मनाचे खेळ, असं त्यांना कुणी कुठल्या तोंडानं सांगावं? आणि स्वतःची दाढ ठणकली, की हेच तत्त्वज्ञ डॉक्टरकडे पहिला नंबर लावतात.

तेव्हा जग खोटं म्हणणाऱ्यानं आधी आपली मुदत ठेव दुसऱ्याच्या नावावर करावी. फॉर्म मी भरून देतो.