बार्शी ते आरोग्य भवन
ब्रिटनमध्ये पीएचडीचे काही विद्यार्थी तीन महिने सरकारी खात्यात नाहीतर संसदेत बसून धोरणाची टिपणं लिहितात. सोलापूरकरांनी हे मनावर घ्यावं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कर्मचारी गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण हुडकतात. तिथल्याच नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरी २०१६च्या केंद्रीय कर्करोग-तपासणी मार्गदर्शिकेत भर राहिला तो अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासण्यावर. एचपीव्ही चाचणीला पैशांची अडचण खरीच. पण तो हिशेब मांडायला सोलापूर विद्यापीठातला संख्याशास्त्राचा संशोधक राज्याच्या आरोग्य खात्याच्या मुंबईतल्या आरोग्य भवनात तीन महिने बसवा की!